अंडे कोणाचे, हे विचारणारा खोका

मी एक जुना लाकडी खोका आहे. कोंबडीने आत येऊन निवांत अंडे घालावे म्हणून मला बनवले, असे तुम्हाला वाटेल. तसे मुळीच समजू नका, मित्रांनो. अंडे घालायला कोंबडीला कुठलाही कोपरा पुरतो. मला बनवले ते संशय घेण्यासाठी. आणि तुम्हीही हे वाचायला बसलात ते घरातले एखादे काम टाळण्यासाठी, असा मला दाट संशय आहे. असो. बसलाच आहात तर ऐका.

माझ्या तोंडाला एक झडप आहे. ती वरच्या बाजूला बिजागरीवर टांगलेली असते आणि एका तारेच्या आकड्याने उघडी धरलेली असते. कोंबडी आत शिरू लागली की तिची पाठ झडपेला लागते, आकडा निसटतो आणि ती पुढे सरकताच झडप तिच्यामागे खाली पडते. मग कोणीतरी येऊन सोडवेपर्यंत बाई आत अडकल्या! सोडवणारा तिच्या पायातल्या कड्यावरचा क्रमांक वाचतो, तोच पेन्सिलीने अंड्यावर लिहितो आणि तिला बाहेर काढतो. अंडे कोणाचे, यावर मग वाद उरत नाही.

मला बनवणाऱ्या सुताराला हा प्रकार काही पटला नव्हता. जुन्या पेटीच्या फळ्या तासता तासता तो सारखा मान हलवत होता.

"कोंबडीला तुरुंग कशाला करताय, ताई?"

"तुरुंग नाही हो, मामा. आत कोण येऊन गेलं, एवढंच कळायला हवं."

"मग विचारा की तिला!" असे म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर खूप वेळ हसला. माणूस मात्र कामाचा पक्का होता. झडप बरोबर पडते की नाही ते त्याने आपली मूठ आत घालून पुन्हा पुन्हा पाहिले. माझ्यासारखे आणखी काही खोके त्याने केले आणि खुराड्याच्या भिंतीला ओळीने ठोकले. मी अगदी टोकाला, जिथे उजेड कमी येतो तिथे आहे. लपूनछपून काही करायचे असले की सगळे कोपऱ्यातच येतात. त्यामुळे माझी जागा मला फार आवडायची.

आता माझ्या मालकांविषयी सांगतो. ही सख्खी बहीणभावंडे. थोरली ताई, धाकटा बापू. ताईला वेड अंड्याच्या रंगाचे. खिडकीच्या कट्ट्यावर ती अंडी रांगेने मांडायची. एका टोकाला सर्वांत फिके, दुसऱ्या टोकाला सर्वांत गडद. नवे अंडे हाती आले की ते या रांगेवरून हळूहळू सरकवत त्याची जागा शोधायची. तपकिरी रंग कोंबडी अगदी शेवटी चढवते, अंडे बाहेर पडायच्या थोडे आधी, असे ती सांगे. नुकतेच घातलेले ओलसर अंडे कोणी पुसू लागले की ती अंगावर धावून जायची. "रंग पुसशील! वाळू दे आधी!"

बापूला रंगाशी देणेघेणे नव्हते. त्याचे सगळे लक्ष अंगावर. कोंबडी काखेत घ्यायचा, डोळे मिटायचा आणि तिच्या पाठीवरून, छातीवरून, छातीच्या मधल्या हाडावरून हात फिरवायचा. पाठ रुंद हवी, छाती भरलेली हवी, पाय एकमेकांपासून लांब हवेत. हडकुळी कोंबडी दिसली की तो तोंड वाकडे करून म्हणायचा, "हिला वाळत घातली होती का?"

दोघांची अडचण एकच होती. रुंद अंगाच्या कोंबड्या फिकी अंडी घालत आणि गडद अंडी घालणाऱ्या सगळ्या हडकुळ्या. ताई रंग राखायला गेली की अंग बिघडे, बापू अंग राखायला गेला की रंग उडे. रुंद पाठीची आणि गडद अंड्याची, अशी एक कोंबडी त्यांना हवी होती. ती अजून जन्मलीच नव्हती, पण दोघांनी आपली उमेद तिच्यावरच लावली होती.

त्यासाठी त्यांनी एक नियम केला होता. पुढची पिल्ले कोणत्या कोंबडीपासून घ्यायची हे ठरवताना दोघांनीही हो म्हणायला हवे. बापूच्या हाताने हो म्हणायचे, ताईच्या डोळ्यांनी हो म्हणायचे. आणि कोणतीही कोंबडी विकायला काढण्याआधी बापूने तिला हात लावून पाहायचे. शेपटीखाली दोन हाडे असतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीची ती हाडे फाकलेली असतात, मध्ये बोटे मावतात. अंडी थांबलेल्या कोंबडीची मिटलेली असतात. या बाबतीत बापूचा हात कधी चुकला नव्हता. कोणी पाहुणा आला की ताई मला थोपटून म्हणायची, "हा खोका आणि आमच्या बापूचा हात, दोघं खोटं बोलत नाहीत." असे कौतुक ऐकले की माझ्या फळ्या ताठ होत.

मग गादी आली.

तिचे नाव बापूनेच ठेवले. पाठ अशी ऐसपैस की तिच्यावर कोणीही खुशाल डुलकी काढावी. बापू तिला उचलून घेऊन फिरायचा, दाण्यातला मोठा घास तिला चारायचा. पण गादी माझ्यात शिरू लागली की तिची पाठ झडपेला करकचून घासायची. हळूहळू तिथली पिसे झडली.

"ताई, हिची पाठ सोलवटतेय बघ. झडप जरा वर घेऊ का?"

"घे की. थांब, मी धरते."

ताईने झडप धरली आणि बापूने पक्कड घेऊन आकडा वाकवला. एका बोटाएवढीच झडप वर गेली. दोघांच्या देखत, भर दिवसा, अगदी हसतखेळत हे घडले. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. पण खोक्याला कोण विचारतो?

त्याच खुराड्यात काडी नावाची एक नवी कोंबडी होती, अजून एकही अंडे न घातलेली. अंगाने इतकी बारीक की बापू तिला कोंबडीत मोजायलाही तयार नव्हता. स्वभावाने मात्र महा साळसूद. एके सकाळी ती मान खाली घालून माझ्यात शिरली. मी झडप पडायची वाट पाहत राहिलो. तिची पाठ झडपेला लागलीच नाही! तिने पेंढा नीट केला, अंडे घातले, उठली, माझ्याकडे एकदा तिरप्या मानेने पाहिले आणि आली तशी निघून गेली. इतकी वर्षे मी एकेकीला पकडत आलो होतो, आणि ही माझ्या हातावर तुरी देऊन गेली. पण तिच्या मागे राहिलेले अंडे पाहून मी राग विसरलो. भिजलेल्या विटेपेक्षाही गडद असे ते अंडे होते. ताई ज्याची वाट पाहत होती तो रंग माझ्या पेंढ्यात पडला होता, आणि त्यावर नाव कोणाचे लिहायचे हे सांगणारे कोणी नव्हते.

थोड्याच वेळात गादी आली. आधीच अंडे असलेली जागा कोंबड्यांना आवडते. गादी आत आली, झडप वर घेतली तरी तिची पाठ लागलीच, झडप खाली पडली. ती त्या अंड्यावर ऐसपैस बसून राहिली. आतली गोष्ट सांगू? खाऊन खाऊन गादीच्या अंगात इतकी चरबी साठली होती की तिने अंडी घालणे केव्हाच सोडले होते. ती माझ्याकडे यायची ती नुसती बसायला.

ताईने झडप उघडली. गादीखालून अंडे काढले आणि ती जागच्या जागी उभी राहिली. मग ती अंडे घेऊन खिडकीकडे धावली. ते रांगेत बसेना. सर्वांत गडद अंड्याच्याही पुढे त्याची जागा होती.

"बापू! अरे, गादीनं घातलंय हे!"

बापू धावत आला. त्याने गादीला उचलून घेतले आणि तिच्या पाठीवर गाल टेकवला. त्याच वेळी त्याने तिच्या शेपटीखाली हात घातला असता तर? पण मित्रांनो, जिच्याखाली अंडे सापडते तिची हाडे कोण चाचपतो?

एक दिवस आनंदात गेला. दुसऱ्या दिवशीही तसेच अंडे सापडले, मग रोजच सापडू लागले आणि ताईच्या कपाळावर आठी पडली. गादीची अंडी तिने पूर्वी पाहिली होती. ती फिकी होती. फिके अंडे घालणारी कोंबडी मोठी झाल्यावर गडद घालू लागते, असे तिने कधी पाहिले नव्हते. उलट दिवस जातात तसा रंग उतरतच जातो. त्यात शेजारची मावशी तडकलेली अंडी न्यायला आली आणि कट्ट्याकडे पाहून म्हणाली, "तुझ्या भावाच्या लाडकीला एकदम बरा गं रंग चढला! खायला काय घालतो, की रंगच लावतो?"

मावशी हसत हसत गेली. तिला दुसऱ्याच्या घरात काडी टाकायची सवयच आहे, असा माझा तिच्यावर संशय आहे. पण ताईच्या डोक्यात ते जाऊन बसले. कुठेतरी पाणी मुरतेय हे तिला कळत होते, आणि पाणी मुरायला तिला एकच जागा दिसत होती. खोके उघडणारे दोघेच. ती आणि बापू.

तिने माझ्यासमोरच्या जमिनीवर चाळणीने पीठ भुरभुरले. बाहेरून अंडे आणून कोणी गादीखाली ठेवत असेल तर पिठात पाऊल उमटेल, असा तिचा डाव. सकाळी येऊन ती वाकून वाकून पाहू लागली. पिठात काडीची पावले आत जाताना उमटली होती आणि बाहेर येतानाही उमटली होती. गादीची नुसतीच आत जाताना. सगळे लिहून ठेवल्यासारखे समोर होते. पण ताई माणसाचे पाऊल शोधत होती. ते नव्हते, म्हणून भाऊ आता जास्तच हुशारीने वागतोय असा तिने अर्थ काढला.

तेवढ्यात बापू आला. "हे पीठ कसलं सांडलंय?"

ताईने चाळणी उचलली. बापूने पिठाकडे पाहिले, तिच्या हातातल्या चाळणीकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला.

"माझ्यावर पाळत ठेवतेस?"

"मी कुठं तुझं नाव घेतलं?"

"घ्यायला कशाला पाहिजे? खुराड्यात तिसरं कोण येतं? ताई, मी अंडी आणून ठेवतो असं वाटतं तुला?"

"मग तूच सांग, गादीला हा रंग आला कुठून?"

"मला काय माहीत! माझी कोंबडी तुझ्या रांगेच्या पुढं गेली, हे तुला बघवत नाही. खरं दुखणं ते आहे."

बोलता बोलता फार जुन्या गोष्टी निघाल्या. कोणी कोणाची चांगली कोंबडी कधी नाकारली, कोणी कोणाचा कोंबडा मुद्दाम विकला. मी कान देऊन सगळे ऐकले. त्यातले निम्मे तरी खोटे होते. शेवटी कोंबड्यांची वाटणी झाली. खुराडे एकच राहिले, कोंबड्या वेगळ्या झाल्या. गादी बापूची, काडी ताईच्या वाट्याला. गडद अंडी ताईने रांगेतून काढून फळीवर एका टोपलीत टाकली. "ही अंडी उबवायची नाहीत. ही कोणाची आहेत ते मला माहीत नाही," असे ती भिंतीला सांगून गेली. भाऊबहीण आता एकमेकांशी थेट बोलतच नव्हते. "गादीबाई, तुमच्या मालकांना सांगा, पाण्याचं भांडं रिकामं आहे," असे ताई म्हणायची. बापू भांडे भरायचा आणि काडीला निरोप द्यायचा, "भरलंय म्हणावं." ऐकायला गंमत वाटते. पण त्या दिवसांत दोघांपैकी एकही हसले नाही.

आणि मग कोंबडीवाला आला.

ज्या कोंबड्या खाऊन बसतात आणि अंडी देत नाहीत, त्या तो घेऊन जायचा. ताईने आपल्या वाट्याच्या कोंबड्यांतून तशा वेगळ्या काढल्या. काडी एकदाही खोक्यात अडकलेली सापडली नव्हती. तिच्या नावावर एकही अंडे नव्हते. ताईने तिचे पाय धरून तिला कोंबडीवाल्याच्या टोपलीत ठेवले.

बापू दाराशी उभा होता. ताईच्या कोंबड्यांशी त्याचा आता संबंध नव्हता. तरी सवयीने तो पुढे आला, टोपलीत हात घातला आणि एकेक कोंबडी चाचपू लागला. काडीपाशी त्याचा हात थांबला. त्याने पुन्हा पाहिले.

"ताई," तो म्हणाला. इतक्या दिवसांत प्रथमच त्याने तिला थेट हाक मारली. "ही अंड्यावर आहे. तीन बोटं मावतायत."

"अंड्यावर आहे तर अंडं कुठंय?"

"ते मला माहीत नाही. पण ही घालतेय."

"खोक्यात एकदा तरी सापडलीय का? तुझा हात काय, आता काहीही सांगेल."

बापूचा हात टोपलीतून बाहेर आला. मी ओरडत होतो, मित्रांनो. माझी एक फळी न एक फळी ओरडत होती. तिचे अंडे माझ्याच पेंढ्यात होते, अजून गरम होते, आणि गादी त्यावर बसलेली होती! पण लाकडाचे ओरडणे कोणाला ऐकू येते?

"ताई, झाकण लावू का?" कोंबडीवाला म्हणाला. "ऊन चढतंय."

"लावा."

त्याने झाकण लावले, दोरी आवळली आणि सायकल ढकलत तो निघून गेला. काडीचा आवाज आला नाही. तिला बहुतेक काही कळलेच नसावे.

बापू गादीला सोडवायला माझ्याकडे आला. तिच्याखाली गडद अंडे होतेच. त्याने ते हातात घेतले. मग आपल्याच हाताचा संशय आल्यासारखा तो तिथेच उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने गादीला काखेत घेतले आणि तिच्या शेपटीखाली बोटे नेली. हाडे मिटलेली होती. एक बोटही मावेना. त्याने ऊन ऊन अंड्याकडे पाहिले, गादीकडे पाहिले, मग माझ्या झडपेकडे. झडप आकड्यावर उघडी अडकवून त्याने आपली मूठ हळूच आत घातली. झडप हलली नाही. मग त्याने गादीला आत जाऊ दिले. झडप खाडकन पडली.

"ताई!"

ती हाक ऐकून ताई धावत आली. बापूने पुन्हा मूठ आत घालून दाखवली. मग गादीला उचलून ताईचा हात धरला आणि तिची बोटे त्या मिटलेल्या हाडांवर ठेवली. ताईचा चेहरा पांढरा पडला. ती तशीच, घरातल्या चपलांनिशी, फाटकातून पळत बाहेर गेली.

ती परत आली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. तिच्या हातात कोंबडी नव्हती. तिने मूठ उघडली. तळहातावर काडीच्या पायातले कडे होते.

"तू सांगितलं होतंस," ती म्हणाली.

"हं."

"मी तुझ्या हातावर विश्वास ठेवला नाही, बापू." आणि ती माझ्यासमोर जमिनीवर बसून रडू लागली. बापूही तिच्याशेजारी बसला. "गादीला मी आधीच हात लावायला हवा होता," तो म्हणाला. "पण मलाही ते अंडं तिचंच असायला हवं होतं गं." दोघांनी एकमेकांची समजूत घातली नाही.

मग ताई उठली, फळीवरची टोपली काढली आणि ती नाकारलेली गडद अंडी उबवायला बसलेल्या एका खुडूक कोंबडीखाली ठेवली. बरीच वाया गेली, शिळी झाली होती. काहींतून पिल्ले निघाली. त्यातल्या माद्या मोठ्या झाल्या तेव्हा त्यांच्या पाठी काडीपेक्षा रुंद निघाल्या, म्हणून बापू खूश झाला. अंडी गडद होती, पण काडीइतकी नाही. ताई प्रत्येक अंडे खिडकीशी नेऊन बघायची आणि रांगेत ठेवायची. काडीची जागा मात्र तिने रिकामीच ठेवली होती.

आता मी अडगळीत पडलो आहे. माझी बिजागरी गंजली आहे, पेंढ्यात उंदरांनी घर केले आहे, आणि त्या उंदरांवरही माझा संशय आहेच. नव्या खुराड्यात नवे खोके आले. त्यांची झडप कोणी कधी वर-खाली केली का, हे बापू रोज त्यांना तेल घालताना तपासतो, असे ऐकतो. मला कोणी तेल घालत नाही. घातले तर बरे वाटेल.

मित्रांनो, संशय घेऊ नका, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझा जन्मच त्यासाठी झाला आहे, मी कोणत्या तोंडाने सांगू? जरूर घ्या. पण आपल्या माणसावर घेण्याआधी खिळे, आकडे, दारे, झडपा नीट तपासा. वस्तूंची निगा राखा, म्हणजे त्या तुम्हाला खरे सांगतील. आणि तुम्ही ज्याच्यावर रागावला आहात, तोच कधी समोर येऊन एखादी गोष्ट सांगू लागला, तर राग हवा तितका धरा, त्याच्याकडे पाहूसुद्धा नका. फक्त टोपलीचे झाकण लावा म्हणून सांगायची तेवढी घाई करू नका.